आधी परिभाषा, मग गणित : भास्कराचार्य

भास्कराचार्यांवर लेख लिहायचा तर लिहिणारा गणिताचा तरी असावा किंवा संस्कृतचा तरी. मी दोन्ही नाही. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले; घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढले. तरीही हे धाडस करते आहे, त्याला एक फजिती कारण आहे. ती आधी सांगते.

आमच्या अभ्यासक्रमात संगणकाचा एक विषय असतो आणि त्यात सी भाषा शिकवतात. प्रात्यक्षिक परीक्षेत सरळव्याज काढण्याचा प्रोग्राम आला. मुद्दल, दर, मुदत आणि व्याज हे आम्हा वाणिज्यच्या मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी येते. मी वर मुख्य भाग लिहिला, त्यातून व्याजाच्या फंक्शनला बोलावले आणि ते फंक्शन खाली सविस्तर लिहून काढले. कंपायलरने प्रोग्राम नाकारला. शेजारच्या मुलीचा प्रोग्राम अगदी माझ्यासारखाच होता, फक्त वर एक ओळ जास्त होती. तिचा चालला. ती ओळ मलाही पाठ होती, पण निरर्थक वाटली म्हणून मी गाळली होती. त्या ओळीत हिशेब काहीच नसतो. फंक्शनचे नाव, त्याला काय द्यायचे आणि ते काय परत देणार, एवढेच असते. जे खाली पूर्ण लिहिलेलेच आहे त्याची वर वर्दी कशाला, ही शंका मला आधीपासून होती. पण वर्गात विचारायची तर इंग्रजीत विचारावी लागेल म्हणून मी गप्प बसले होते. गुण गेले ते गेलेच, शंका मात्र राहिली.

मे महिन्यात आजोळी गेले. माझे आजोळ सतवास. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विंध्य आणि नर्मदा यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव येते. पवार, होळकर यांच्याबरोबर जी मराठी कुटुंबे माळव्यात गेली आणि तिथलीच झाली, त्यांतले एक माझ्या आजोबांचे. घराबाहेर हिंदी-माळवी, घरात मराठी. आजोबांचे किराण्याचे दुकान होते, ते आता मामा बघतात. एका दुपारी ओसरीवर बसून मी आजोबांना माझी फजिती सांगितली. त्यांना संगणक कळत नाही. त्यांनी उठून आपली जुनी खातेवही आणली. पहिल्या पानांवर नुसती खात्यांची नावे आणि पानांचे आकडे होते. रक्कम एकही नव्हती. दिवाळीला नवी वही पूजली की आधी एवढेच लिहून ठेवायचे, असे त्यांनी सांगितले. गर्दीच्या वेळी नोंद करणारा पुढची पाने चाळत बसू शकत नाही. कोणाचे खाते कुठे आणि ते देण्याचे की घेण्याचे, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. मग त्यांनी कपाटातून लीलावतीचे मराठी भाषांतर काढले आणि पहिली चार पाने वाचायला सांगून ते वामकुक्षीला गेले.

ती पाने वाचून मी प्रथम कंटाळले. गणेशवंदन झाले की लगेच मापांची यादी. २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. ५ गुंजांचा १ मासा, १६ माशांचा १ कर्ष, ४ कर्षांचा १ पल. ८ यवांचे १ अंगुल, २४ अंगुलांचा १ हात, ४ हातांचा १ दंड, २००० दंडांचा १ क्रोश, ४ क्रोशांचे १ योजन. त्यानंतर एक, दश, शत असे करत परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे. बेरीज अजून सुरूच झालेली नाही! माझीच शंका पुन्हा समोर उभी राहिली. जे पुढे वापरायचेच आहे त्याची आधी वर्दी कशाला? ज्यांनी हे लिहिले ते होते तरी कोण, हे पाहावे म्हणून मी चरित्राकडे वळले.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी फार थोडे लिहिले आहे, पण जे लिहिले ते हिशेबी माणसासारखे नेमके आहे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सिद्धान्तशिरोमणी हा मोठा ग्रंथ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचला. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर. वडीलच त्यांचे गुरू. गाव विज्जडविड, सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले. एवढी ओळख त्यांनी आपणहून करून दिली आहे.

बाकीची माहिती त्यांच्या नातवाने दगडावर कोरून ठेवली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गावी एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्यात या घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. यांतल्या भास्करभट्टांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, असे हा लेख सांगतो. भोजराजा म्हणजे धारचा परमार राजा, अकराव्या शतकातला. हे वाचले आणि मी ओसरीवरून आत धावत जाऊन आजोबांना उठवले. भास्कराचार्यांच्या पाच पिढ्या आधीच्या पूर्वजाचा मान आमच्या माळव्यात झाला होता! आजोबांना ते आधीच माहीत होते. ते कूस बदलून पुन्हा झोपले.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या दोहोंत गणित, पुढच्या दोहोंत ज्योतिष. यांतली लीलावती सर्वांत लोकप्रिय. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या विवाहमुहूर्ताच्या वेळी घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी वडिलांनी हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फार्सी भाषांतर केले, त्यातून ती पसरली. ग्रंथात बालिकेला, सखीला, गणकाला आणि व्यापाऱ्यालाही उद्देशून उदाहरणे घातली आहेत, एवढे मात्र खरे. आम्हा वाणिज्यवाल्यांना तर हा ग्रंथ आपला वाटावा असा आहे. त्रैराशिक, पंचराशिक, व्याज, वस्तूंची अदलाबदल हे सारे त्यात आहे. १०० ला महिना ५ व्याज, तर १६ ला वर्षाचे किती, हे गणित तिथे आहे. उत्तर ९ पूर्णांक ३/५. माझ्या परीक्षेतले गणित याच जातीचे होते.

आता केशराचे एक उदाहरण घेऊ, कारण माझी शंका इथेच फिटली. ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. मापांत लिहायचे तर ५२ पल २ कर्ष. हे २ कर्ष कुठून आले? ४ कर्षांचा १ पल, हे पहिल्याच पानावर सांगितले होते म्हणून अर्ध्या पलाचे २ कर्ष झाले. ते पान गाळले असते तर मी इथे येऊन अडले असते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्रैराशिकाच्या नियमात आहे. तीन राशींना भास्कराचार्य प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे देतात आणि अट घालतात की प्रमाण व इच्छा एकाच जातीचे हवेत, फल दुसऱ्या जातीचे. वरच्या गणितात ३/७ निष्क हे प्रमाण, अडीच पल हे फल, ९ निष्क ही इच्छा. निष्क आत जातात, पल बाहेर येतात. गुणाकार-भागाकार करण्याआधी कोणती जात आत घालायची आणि कोणती बाहेर येणार हे ठरले पाहिजे. नाहीतर आकडे बरोबर आणि उत्तर चूक.

सी भाषेतली ती वरची ओळ नेमके हेच सांगते. तिला डिक्लेरेशन म्हणतात. खाली जे सविस्तर लिहितो ते डेफिनिशन. कंपायलर आपला प्रोग्राम वरून खाली वाचत जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा इ. स. १९७२ च्या सुमारास घडवली, तेव्हा संगणकाची स्मृती अगदी तुटपुंजी होती. सगळा प्रोग्राम पोटात साठवून मागेपुढे पाहत बसणे त्याला परवडणारे नव्हते. वाचता वाचता मध्येच एखाद्या फंक्शनचे नाव आले, तर त्याला किती वस्तू द्यायच्या, कोणत्या जातीच्या, आणि ते काय परत देणार, हे त्याला त्याच क्षणी ठाऊक हवे. ठाऊक नसेल तर जुना कंपायलर आपल्या मनानेच धरून चालतो की हे फंक्शन पूर्णांक देणार. माझे व्याज अपूर्णांकात होते. तो खाली पोचला, त्याला आपली समजूत चुकल्याचे दिसले आणि तो अडून बसला. खालचे फंक्शनच वर नेऊन लिहिले तरी काम भागते. पण दोन फंक्शने एकमेकांना बोलावत असतील तर कुठले वर नेणार? शिवाय पुष्कळदा ते फंक्शन दुसऱ्याच फाईलमध्ये असते. तेव्हा नाव आणि जात आधी सांगून ठेवणे हाच मार्ग उरतो. देण्याच्या वस्तूंची जातसुद्धा त्या ओळीत लिहायची पद्धत १९८९ च्या प्रमाणित सी मध्ये आली, आणि कंपायलरने मनाने धरून चालण्याची जुनी सवलत १९९९ च्या नियमांत काढून टाकण्यात आली.

दोन्हींतले साम्य फार ताणू नये हे मला कळते. भास्कराचार्यांच्या परिभाषेत मापांची पूर्ण किंमतच दिलेली असते. सी मधल्या डिक्लेरेशनमध्ये फक्त ओळख असते. परंतु त्यांचे नियम मात्र अगदी डिक्लेरेशनसारखे आहेत. श्लोकात काय घ्यायचे, काय करायचे आणि काय मिळेल एवढे सांगितले आहे. ते तसे का, हे तिथे नाही. ग्रहगणित आणि गोलाध्याय यांची उपपत्ती त्यांनी स्वतःच वासनाभाष्य या टीकेत दिली. लीलावतीतल्या नियमांची उपपत्ती सांगायला मात्र कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यावे लागले. त्यांची बुद्धिविलासिनी ही टीका इ. स. १५४५ ची. म्हणजे नियम एका ग्रंथात आणि त्याचा उलगडा दुसऱ्या ग्रंथात, ३९५ वर्षांनी! तोपर्यंत लोक त्या नियमांनी बिनचूक हिशेब करीतच होते, कारण काय द्यायचे आणि काय मिळणार हे आधी स्पष्ट सांगून ठेवलेले होते.

परिभाषेच्या शेवटी भास्कराचार्य म्हणतात की काळ वगैरेंची उरलेली मापे लोकव्यवहारातून जाणून घ्यावीत. हे वाचून मला हसू आले. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर आम्ही हेडर फाईलची ओळ लिहितो, तिचा अर्थ तरी दुसरा काय आहे? जे सर्वांचे मिळून आधीच ठरलेले आहे ते पुन्हा लिहीत बसू नये, तिकडून घ्यावे.

बीजगणितातही त्यांची हीच शिस्त दिसते. अज्ञात राशीची किंमत माहीत नसते, पण नाव आधी द्यावे लागते. पहिली अज्ञात राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक अशा रंगांच्या नावांच्या. ही नावे त्यांच्या आधीच्या गणितींपासून चालत आलेली, आणि ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ऋण ते ग्रंथाच्या शेवटी मोकळेपणाने मान्य करतात. परंतु चक्रवाल पद्धतीने त्यांनी जे साधले त्याला तोड नाही. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? उत्तर २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा यांनी इ. स. १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर ५०० वर्षे जुने झालेले होते.

ग्रहगणितात सारे हिशेब उज्जैनच्या मध्यरेषेवरून होतात. लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी ती रेषा. आपले गाव रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला आणि किती लांब, हे पाहून देशांतराचा फरक काढायचा. सतवास उज्जैनच्या पूर्वेला सुमारे एक अंशावर, म्हणजे स्थानिक वेळ सुमारे चार मिनिटे पुढे. हा हिशेब मी करून दाखवला, तेव्हा मामांनी दुकान रोज चार मिनिटे आधी उघडण्याची तयारी दाखवली. विनोद सोडा, पण या ग्रंथांना नवे वाचक मिळवून देण्यात माळव्याचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात सीहोर येथे भोपाळचे इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी पाठशाळेत सिद्धान्तशिरोमणी शिकवण्यास उत्तेजन दिले. तिथेच बापूदेव शास्त्री तयार झाले. पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक असताना त्यांनी विल्किन्सन यांचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर तपासून दिले, ते इ. स. १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भास्कराचार्य दीर्घकाळ लिहीत राहिले. करणकुतूहल हा ग्रहगणिताचा सोपा ग्रंथ शके ११०५ चा, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षाचा. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे प्रमुख ज्योतिषी झाले. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातील देण्यांतून मठाला काय मिळावे, घाण्यांकडून किती तेल यावे, हे त्या ओळींत आहे. विद्वत्तेची वंशावळ संस्कृतात आणि पैशाची बाब मराठीत! ज्यांच्याकडून देणे घ्यायचे त्यांना ते वाचता यायला हवे होते, दुसरे काय?

इथपर्यंत लिहून मी सुटीवरून परतले आणि कळले की माझी मैत्रीण कन्नड विभागासाठी भास्कराचार्यांवरच लिहिते आहे. तिच्या लेखात ते विजापूरचे होते. माझ्या लेखात चाळीसगावचे. विज्जडविड म्हणजेच विजापूर, हे तिने शाळेपासून ऐकलेले. पाटणे परिसर हाच तो, हे मी ऐकलेले. आम्ही दोन दिवस भांडलो, तिसऱ्या दिवशी बोललो नाही. आपल्या भागात अशा भांडणाला किती लवकर धार चढते हे वाचकांना सांगायला नको.

मग मला पुन्हा ती सी भाषा आठवली. डिक्लेरेशन आहे पण डेफिनिशन कुठेच सापडत नाही, तर कंपायलर तक्रार करीत नाही. पुढे तुकडे जोडणारा लिंकर थांबतो आणि अमुक नाव सापडले नाही एवढेच सांगतो. दिसेल त्या पहिल्या नावाला ते जोडून टाकत नाही. विज्जडविडचे तसेच झाले आहे. आचार्यांनी नाव सांगितले, सह्य पर्वताची खूण सांगितली. ते गाव कुठले यावर विद्वानांत एकमत नाही. पाटण्याला नातवाचा मठ होता हे दगडावर आहे. आजोबांचा जन्म तिथलाच असे त्या दगडावर नाही. विजापूरचे नाव जुळते, पण सह्याद्री तिथून बराच दूर. मी हे तिच्यापुढे मांडले. तीही हट्टी नव्हती. तिने मला मान्यखेटच्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळातील महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह दाखवला. इ. स. ८५० च्या सुमाराचा हा ग्रंथ, आणि त्याच्या पहिल्या प्रकरणाचे नाव संज्ञाधिकार! आधी संज्ञा, मग गणित, ही शिस्त भास्कराचार्यांच्या आधी ३०० वर्षे कर्नाटकात पाळली जात होती. शिवाय आचार्य जन्मले तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि यादव त्यांचे मांडलिक होते. सह्याद्रीच्या कुशीतले गाव आणि विजापूर एकाच छत्राखाली होते. ज्या सीमेवरून आम्ही भांडत होतो ती तेव्हा नव्हतीच.

शेवटी आम्ही ठरवले की दोघींच्या लेखांत जन्मगावाबद्दल आचार्यांनी स्वतः सांगितले तेवढेच लिहायचे: विज्जडविड, सह्य पर्वताजवळ. कन्नड विभागातला तिचा लेख वाचकांनी जरूर वाचावा आणि ताडून पाहावा.

पुढच्या प्रात्यक्षिकात मी ती वरची ओळ लिहिली आणि प्रोग्राम चालला. शंकाही वर्गात विचारली, मराठीतच. सरांनी कन्नडमिश्रित मराठीत उत्तर दिले आणि मागच्या बाकावरच्या तिघांनी नंतर येऊन सांगितले की हे त्यांनाही कळले नव्हते.

येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी पाटणे आणि विजापूर, दोन्ही पाहणार आहोत. त्याचा वृत्तांत पुढील अंकात. तूर्त हे नुसते डिक्लेरेशन समजावे.